वस्तू, शब्द आणि ‘वाचा’

आदिवासींच्या वस्तूंचे संग्रहालय पाहावयास जाणारा प्रेक्षक मनात दोन दालने धरूनच आत शिरतो : एक कलेचे, दुसरे नित्योपयोगी वस्तूंचे. ही विभागणी त्याला त्याच्या भाषेने दिलेली असते. वस्तू घडविणाऱ्यांच्या भाषेने नव्हे. या दृष्टीने गुजरातेतील तेजगढ येथील संग्रहालय विचारार्ह आहे. गणेश देवी यांनी १९९६ साली बडोद्यास स्थापिलेल्या ‘भाषा’ या संस्थेच्या आदिवासी अकादमीत ते उभे असून त्याचे नाव ‘वाचा’ असे आहे. मराठी वाचकास या नावात वाणी आणि वाचन असे दोन्ही अर्थ ऐकू येतात, आणि ते अप्रस्तुत नाहीत.

त्या परिसरातील राठवा लोक नवस फेडण्यासाठी घराच्या ओसरीवरील भिंतीवर पिठोरा काढवितात. काढणारा तो ‘लखारा’, म्हणजे लिहिणारा. भिंत पूर्ण झाली की बडवा ती ‘वाचतो’. त्यानंतरच नवस फिटतो. ज्या समाजास निरक्षर म्हणण्याची रूढी पडली, त्याच्या व्यवहारात लेखन व वाचन या दोन्ही क्रिया अशा नांदत आहेत. हा केवळ अलंकार नव्हे. संस्कृत ‘लिख्’ धातूचा मूळ अर्थ ओरखडणे, रेखणे असा असून ‘आलेख्य’ म्हणजे चित्र होय. ‘लखारा’ या शब्दात तो जुना अर्थ जिवंत आहे.

अशा भिंतीखाली ‘भित्तिचित्र’ एवढीच नामपट्टी लावल्यास माहिती खोटी ठरत नाही. परंतु लिहिणारा, वाचणारा आणि नवस करणारे घर ही तिन्ही नाहीशी होतात. तथापि शब्द दिल्याने सर्व साधते असेही नाही. संग्रहालयाच्या भिंतीवर घोडे कितीही निष्ठेने काढले तरी तेथे फेडावयाचा नवस नसतो. ध्वनिमुद्रणाने बडव्याचा आवाज राहील; अधिकार राहणार नाही.

तेजगढचा विशेष हा, की दालनातील ही उणीव शेजारच्या गावातील ओसरीवर भरून निघू शकते. पुण्यातील आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेच्या संग्रहालयासारख्या नगरस्थित संग्रहांस ही सोय नाही. म्हणून तेथे शब्दाची जबाबदारी वाढते. वस्तूचे तिच्या घरचे नाव, तिच्याशी जोडलेले क्रियापद आणि ज्या भाषेत ते उच्चारले जाते ती भाषा, एवढे तरी नामपट्टीने सांगावयास हवे. वस्तू जतन झाली आणि तिचे क्रियापद हरवले, तर उरतो तो केवळ आकार.