होल्डिंग टॉर्कच्या रकान्यात न दिसणारी गोष्ट

वर्षअखेर आली की औरंगपुऱ्यात वह्या-पुस्तकांच्या खरेदीबरोबर झेरॉक्स-बायंडिंगसाठीही इंजिनिअरिंगच्या पोरांची गर्दी होते. रेक्झिनचं कव्हर, सोनेरी अक्षरं आणि आत बऱ्याचदा ओळखीचा विषय: कमी खर्चातलं तीन अक्षांचं सीएनसी राउटर. माझं संशोधन मोटरच्या वाइंडिंगमधला करंट कसा आवरायचा यावर आहे, म्हणून ज्युनिअर मंडळी असे रिपोर्ट वाचायला देतात. आज त्यातल्या एकाच प्रकरणाबद्दल बोलतो: ‘मोटर व पॉवर सप्लायची निवड’.

प्रकरणाचा साचा ठरलेला. आधी कापताना येणारं बल, मग बॉलस्क्रूच्या लीडवरून लागणारा टॉर्क, वर दुप्पट फॅक्टर ऑफ सेफ्टी. इथपर्यंतचं गणित सहसा चोख असतं, त्याला नावं ठेवायला जागा नाही. पुढे कॅटलॉगमधला होल्डिंग टॉर्क बघून नेमा २३ मोटर निवडायची, तीन मोटरींचे करंट मिळवायचे (२.८ गुणिले ३, म्हणजे ८.४ अँपिअर) आणि १२ व्होल्ट, ३० अँपिअरचा सप्लाय घ्यायचा. झालं.

घोटाळा इथेच आहे. होल्डिंग टॉर्क हा मोटर जागेवर उभी असतानाचा आकडा. आपलं मशीन उभं राहून कापत नाही!

आता हिशेब करून बघू. स्क्रूची लीड ५ मिमी आणि वेग मिनिटाला ३००० मिमी धरला, तर मोटर ६०० आरपीएमने फिरते. एका फेऱ्यात २०० स्टेप, म्हणजे सेकंदाला २०००. फुल स्टेपमध्ये प्रत्येक वाइंडिंगमधला करंट दर दोन स्टेपला उलटतो, म्हणजे दर १ मिलिसेकंदाला. वाइंडिंगचा इंडक्टन्स २.५ मिलिहेन्री धरा. करंट उणे २.८ वरून अधिक २.८ वर न्यायला १२ व्होल्टवर साधारण १.१७ मिलिसेकंद लागतात. थोडक्यात, करंट पुरता चढायच्या आतच उलट फिरायची वेळ येते. ३६ व्होल्टवर हेच काम ०.३९ मिलिसेकंदात होतं. रेझिस्टन्स आणि बॅक ईएमएफ मी धरलेच नाहीत. ते धरले तर १२ व्होल्टची अवस्था आणखी वाईट.

मग मशीन स्टेप चुकवतं. रिपोर्टमध्ये मात्र निष्कर्ष येतो, ‘यापुढे जास्त टॉर्कची मोटर वापरावी’. हा सल्ला पुढच्या बॅचचे पैसे घालवणारा आहे. त्याच करंटच्या लांब मोटरीचा इंडक्टन्स सहसा जास्त असतो, म्हणजे त्याच १२ व्होल्टवर ती वेगात आणखी लवकर दम टाकते.

करंटची बेरीजही फसवी आहे. मोटरवर ३.२ व्होल्ट लिहिलेलं असतं, तो फक्त करंट गुणिले रेझिस्टन्स. चॉपर ड्रायव्हर सप्लाय वेगाने चालू-बंद करून करंट आवरतो, त्यामुळे सप्लायमधून ओढला जाणारा करंट वाइंडिंगमधल्या करंटइतका नसतो. बेरजेच्या दोन तृतीयांश धरायची रीत आहे, इथे ५.६ अँपिअर. बाजारात मिळणारा ३६ व्होल्ट, ३५० वॉटचा सप्लाय त्याला पुरून उरतो. गंमत म्हणजे १२ व्होल्ट, ३० अँपिअरवाला ३६० वॉटचाच. ताकद तेवढीच, पण चुकीच्या रूपात घेतलेली.

व्होल्टेज किती? गेकोड्राइव्हच्या मारिस फ्रायमानिस यांचा ठोकताळा आहे: मिलिहेन्रीतल्या इंडक्टन्सचं वर्गमूळ गुणिले ३२. आपल्या मोटरीला साधारण ५० व्होल्ट. ही कमाल मर्यादा समजायची. शिवाय ब्रेक लागताना मोटर जनरेटरसारखी वागून व्होल्टेज परत ढकलते. म्हणून ५० व्होल्टची मर्यादा असलेल्या डीएम५४२ ड्रायव्हरला ३६ व्होल्ट द्यावेत, अगदी काठावर जाऊ नये.

एवढं ताणून का सांगतोय? वाळूज-चिकलठाण्यातल्या मोठ्या सीएनसीवर सर्वो मोटर असते, ती चूक झाली तर कंट्रोलरला कळवते. घरच्या ओपन-लूप मशीनला स्टेप गेल्याचा पत्ताच लागत नाही. पुढचं सगळं काम सरकलेलं निघतं आणि पोरगं रात्रभर कपलिंग आवळत बसतं.

तेव्हा रिपोर्ट लिहिणाऱ्यांना एकच विनंती. होल्डिंग टॉर्कच्या रकान्याशेजारी वेग-टॉर्कचा आलेख लावा, आणि तो किती व्होल्टवर काढलाय तेही लिहा. बायंडिंगला टाकायच्या आधी.