बडनेऱ्याची हिरवळ आणि परगावचा सल्ला

घराभोवतीची बाग 'पर्यावरणस्नेही' कशी करावी हे सांगणारे लेखन मराठीत आता भरपूर झाले आहे. रविवारच्या पुरवण्यांत ते असते, रोपवाटिकांच्या माहितीपत्रकांत असते, छोट्या पुस्तिकांतही असते. रासायनिक खत नको, विषारी फवारणी नको, पाणी जपून वापरा, जमल्यास अंगणात छोटे हरितगृह उभारा, असा त्याचा सूर. यातल्या एकाही वाक्याशी कोणी भांडायला जाणार नाही. मात्र हा सल्ला मुळात कोणत्या गावच्या अंगणासाठी तयार झाला, हे त्यात कुठेच लिहिलेले नसते. म्हणून आम्ही तो एका ठरावीक गावाला लावून पाहायचे ठरवले. गाव बडनेरा.

बडनेरा म्हटले की बाहेरच्या माणसाला मुंबई-नागपूर मार्गावरचे जंक्शन आठवते. आज ते अमरावती महापालिकेचा भाग आहे. भोवतालच्या काळ्या कपाशीच्या जमिनीवर लेआउट पडत आहेत, घरे उठत आहेत आणि घरासमोर चार हात जागा उरली की तिथे 'लॉन' हवे असे मालकाला वाटते. शाळांतही तसेच. पोषण आहारासाठी परसबाग करा असे सरकार सांगते, आणि पाहुण्यांच्या डोळ्यांत भरावी म्हणून दर्शनी भागात हिरवळही लावली जाते. दोन्हींना पाणी एकाच नळाचे.

आधी पाण्याचा हिशेब करू. हा हिशेब सातवीचा विद्यार्थीही करू शकतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि कोरडा वारा सुटतो. अशा हवेत हिरव्यागार गवतातून दिवसाला ६ मिमी पाणी उडते असे धरले, तरी ते कमीच धरल्यासारखे आहे. १०० चौरस मीटर हिरवळीला मग रोज ६०० लिटर लागतील. शहरी पाणीपुरवठ्याचे आपल्याकडचे प्रमाण माणशी रोज १३५ लिटर आहे. म्हणजे एवढीशी हिरवळ चार माणसांपेक्षा जास्त पाणी पिते, आणि तेही मोर्शीजवळच्या ऊर्ध्व वर्धा धरणातून वाहिनीने आणून शुद्ध केलेले. 'सकाळी लवकर पाणी घाला' हा सल्ला बरोबरच आहे, त्याने थोडे पाणी वाचते. पण पानांतून दिवसभर उडणारे पाणी पहाटे उठल्याने थांबत नाही. अमरावती परिसरात वर्षाला ८०० मिमीच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. बारमाही हिरवळ ही कल्पना ज्या इंग्लंडातून आली तिथे पाऊस वर्षभर थोडा थोडा पडत राहतो. १८३० मध्ये एडविन बडिंग याने गवत कापण्याचे यंत्र तिथे बनवले ते गवत वाढून वाढून दमवत होते म्हणून. आपल्याकडची अडचण नेमकी उलटी आहे.

गवताच्या बाबतीत तर गंमतच आहे. रोपवाटिकेत 'बर्म्युडा' नावाने मिळणारे गवत म्हणजे आपली हरळी किंवा तिच्याच नात्यातली निवडलेली जात. गणपतीला वाहतो त्या दूर्वा त्याच. कास्तकार जिला कपाशीतून मुळासकट उपटायला मजूर लावतो, तीच लेआउटमध्ये चौरस फुटाच्या भावाने विकत घेतली जाते. हरळीचा गुण मात्र सल्ला देणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. उन्हाळ्यात तिला पाणी दिले नाही तर ती वरून वाळते, जमिनीतली खोडे जिवंत ठेवते आणि पहिल्या पावसाबरोबर पुन्हा हिरवी होते. पिवळे पडलेले लॉन मेलेले नसते, ते झोपलेले असते. त्याला झोपू द्या, हा सल्ला आम्हाला एकाही माहितीपत्रकात सापडला नाही. त्यावर विकण्यासारखे काही नाही हे कारण असावे.

आता माती. 'चिकण माती भुसभुशीत करायला वाळू मिसळा' हे वाक्य जवळजवळ प्रत्येक पुस्तिकेत असते. काळ्या मातीतले चिकणकण पाणी पिऊन फुगतात आणि वाळले की आकसतात. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळे. अशा मातीत घमेलेभर वाळू घातली तर वाळूचे कण चिखलात रुतून बसतात आणि वाळल्यावर विटेसारखा गठ्ठा होतो. फरक पडायला वाळू निम्म्याहून जास्त हवी, आणि एवढी वाळू आणणे म्हणजे नदी खरवडणे. त्यापेक्षा पालापाचोळा आणि शेणखत हजार पटीने बरे.

दुसरा आवडता सल्ला जिप्समचा. जिप्सममधले कॅल्शियम मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमची जागा घेते, आणि मोकळा झालेला सोडियम पाण्याबरोबर निचरून जातो. म्हणजे मातीत सोडियम जास्त असेल तरच उपयोग, आणि निचरा असेल तरच उपयोग. बडनेऱ्याहून भातकुली, दर्यापूरकडे गेले की पूर्णा खोऱ्याचा खारपाणपट्टा लागतो. तिथल्या विहिरी-बोअरच्या खाऱ्या पाण्यावर बाग करणाऱ्याला जिप्सम कामाचे आहे. धरणाच्या नळपाण्यावर बाग करणाऱ्याला बहुधा नाही. माती तपासून घ्या, हे चार शब्द त्या सल्ल्याआधी यायला हवेत.

खारेपणाचा विषय निघालाच आहे तर कुलरबद्दलही बोलले पाहिजे, कारण तो वऱ्हाडात घरोघरी आहे. 'पाणी वाया घालवू नका, कुलरमधले उरलेले पाणी कुंड्यांना द्या' असे बरेच जण हौसेने सांगतात. कुलरमध्ये १०० लिटर पाणी भरले आणि ८० लिटर उडून गेले, तर उडते ते फक्त पाणी. क्षार मागेच राहतात. उरलेल्या २० लिटरांत क्षारांचे प्रमाण पाचपट होते. ताट्यांवर जमणारा पांढरा थर त्याचाच. हे पाणी कुंडीत रोज घातले की महिन्याभरात पानांच्या कडा जळतात, आणि मालक म्हणतो ऊन लागले. वर्गात हे सहज दाखवता येते. दोन बशा घ्याव्यात, एकीत नळाचे आणि दुसरीत कुलरच्या तळाचे पाणी सारखे मोजून ठेवावे, उन्हात वाळू द्यावे आणि मागे उरलेला थर मुलांना पाहू द्यावा.

खतांकडे वळताना एका मोठ्या नावाची दखल घ्यावी लागते, कारण ते अमरावती जिल्ह्याचेच आहे. सुभाष पाळेकर यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१९-२०च्या केंद्रीय अर्थसंकल्पात 'शून्य खर्चाच्या शेती'चा उल्लेख झाला, आणि त्याच वर्षी राष्ट्रीय कृषिविज्ञान अकादमीने तिच्यावर जाहीर आक्षेप घेतला. त्यांचे जीवामृत आता घरबागेच्या लेखनातही आले आहे. वनस्पतीच्या देहाचा ९८.५ टक्के भाग हवा, पाणी आणि उन्हातून येतो, मातीतून फक्त १.५ टक्का, असे पाळेकर सांगतात. हे खोटे नाही. १६४८ मध्ये छापलेल्या व्हॅन हेल्मोंटच्या प्रयोगात विलोचे झाड पाच वर्षांत १६४ पौंडांनी वाढले आणि कुंडीतली २०० पौंड माती फक्त दोन औंसांनी घटली होती. शिक्षकांनी हा प्रयोग अनेकदा शिकवला असेल. घोटाळा पुढच्या पायरीवर होतो. भाजीत मीठ एक टक्का असते म्हणून ते वगळून भाजी जमत नाही. त्या दीड टक्क्यातला नत्र कुठून तरी यावाच लागतो. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, पण हरळीला तो थेट घेता येत नाही. तूर, मूग, वाल यांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू तो बांधून देतात. गवताला तशा गाठी नसतात.

जीवामृतात किती नत्र असतो? २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, १० लिटरपर्यंत गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि मूठभर माती, ही एका एकराची मात्रा. शेणातून ४० ग्रॅम, गोमूत्रातून १०० ग्रॅम आणि बेसनातून ७० ग्रॅम, असा ढोबळ हिशेब केला तर २१० ग्रॅम होतात. १०० चौरस मीटर म्हणजे एकराचा चाळिसावा भाग. त्याच्या वाट्याला दर खेपेला आले ५ ग्रॅम. आता त्याच हिरवळीवरून पावसाळाभरात १० किलो वाळके गवत कापून निघाले असे धरा. त्यात ३ टक्के नत्र म्हणजे ३०० ग्रॅम. ते कापलेले गवत पोत्यात भरून घंटागाडीत द्यायचे आणि वरून ५ ग्रॅमचे जीवामृत शिंपडायचे, हा व्यवहार कोणत्याही गृहिणीला पटणार नाही. जीवामृत जिवाणूंसाठी आहे, खत म्हणून नाही, असे त्याचे समर्थक म्हणतात. ते मान्य केले तरी जिवाणूंना काम करायला कच्चा माल लागतो, आणि तो आपण गेटाबाहेर ठेवलेला असतो. कापलेले गवत तिथेच पसरू द्या, हा सल्ला परदेशी पुस्तकांतला असला तरी बडनेऱ्यात तंतोतंत लागू पडतो. परगावचे सगळेच टाकाऊ नसते.

या सगळ्या लेखनात आम्हाला वेगळे वाटते ते कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांचे. ते मुळात गणिताचे. त्यांचे 'प्लेंटी फॉर ऑल' १९९८ मध्ये आले. पुस्तक वाचायला सोपे नाही, स्वतः घडवलेल्या शब्दांचा त्यात सोस आहे, आणि उत्साहाच्या भरात काही दावे पुराव्याच्या पुढे धावतात. पण त्यांच्या प्रयोग परिवाराने एक मोजता येईल असा आकडा लोकांच्या हाती दिला. ऊन मिळणारे एक चौरस फूट पान दिवसाला सुमारे ३ ग्रॅम शुष्क पदार्थ तयार करते, हा तो आकडा. आम्ही तो पडताळून पाहिला. आपल्याकडे स्वच्छ दिवशी एका चौरस मीटरवर साधारण साडेपाच युनिट ऊर्जा पडते, म्हणजे सुमारे २०,००० किलोज्यूल. चौरस फुटाला १,८५० च्या आसपास. ३ ग्रॅम शुष्क पदार्थात सुमारे ५१ किलोज्यूल साठतात. म्हणजे पावणेतीन टक्के ऊन पकडले गेले. शेतात एरवी एक टक्का पकडले तरी बरे म्हणायचे. तेव्हा दाभोळकरांचा आकडा पाणी-खत सगळे नीट मिळालेल्या पिकाची कमाल मर्यादा आहे, सरासरी नव्हे. बडनेऱ्यात मेमध्ये दुपारी पानांची रंध्रे मिटतात, ऊन उदंड असूनही पान स्वस्थ बसते. तरीही आकडा दिला म्हणून तो तपासता आला. 'भरघोस उत्पन्न' हे शब्द कसे तपासणार?

फवारणीबद्दल थोडक्यात. हिरवळीतले रुंद पानांचे तण मारायला २,४-डी सुचवले जाते. कपाशी या औषधाला अतिशय नाजूक असते. वाऱ्याबरोबर उडालेल्या तुषारांनीही तिची पाने वेडीवाकडी होतात. ज्या लेआउटच्या कुंपणापलीकडे कपाशी उभी आहे तिथे ते नकोच. उलट टोकाला, तंबाखूचा काढा 'घरगुती' म्हणून निर्धोक समजला जातो. निकोटीन हे जहाल विष आहे, शाळेच्या परसबागेत मुलांच्या हाती ते देऊ नये. आणि तण म्हणून उपटायला सांगतात त्यातली घोळ, चिवळ, तरोटा या तर वऱ्हाडातल्या भाज्या. गाजरगवत मात्र फुलण्याआधी जरूर उपटावे, हातमोजे घालून.

राहिले हरितगृह. थंड देशातला माणूस काचघर बांधतो ते हिवाळ्यात ऊब मिळावी म्हणून. बडनेऱ्यात मे महिन्यात बंद प्लास्टिकच्या घरात रोपे ठेवणे म्हणजे ती शिजवणे. इथे एक जुनी गैरसमजूतही दूर करता येईल. काच ऊन आत येऊ देते आणि उष्णतेचे अवरक्त किरण अडवते, म्हणून काचघर तापते, असे आपण शिकवतो. १९०९ मध्ये आर. डब्ल्यू. वुड या भौतिकीतज्ज्ञाने दोन काळ्या पेट्या घेतल्या. एकीवर काच लावली आणि दुसरीवर अवरक्त किरण आरपार जाऊ देणारा सैंधवाचा तक्ता. दोन्ही पेट्या जवळपास सारख्याच तापल्या. काचघर तापते ते प्रामुख्याने आतली गरम हवा वर निघून जाऊ शकत नाही म्हणून. साधे पॉलिथीन बरेचसे अवरक्त किरण जाऊ देते, तरी पॉलिहाउस तापतेच. वातावरणातला 'हरितगृह परिणाम' खरा आहे, तो कार्बन डायॉक्साइड आणि बाष्पासारख्या वायूंच्या अवरक्त शोषणाने होतो. काचघराचे नाव त्याला उसने मिळाले आहे, एवढेच.

वर्गासाठी: पुठ्ठ्याची दोन सारखी खोकी, दोन्हींवर पारदर्शक प्लास्टिक, एकाच्या प्लास्टिकला वरच्या बाजूने चार बोटे रुंद फट. तापमापकांच्या फुग्यांवर कागदाची सावली धरावी, नाहीतर हवेऐवजी ऊनच मोजले जाते. दर पाच मिनिटांनी नोंद करावी.

पंखा आणि ओल्या ताट्या लावून हरितगृह थंड करता येते हेही खरे. ४४ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असताना ओल्या फडक्याचा तापमापक २३ अंशांच्या आसपास उतरतो, तेव्हा मेमध्ये गारवा मिळण्याला भरपूर वाव असतो. जुलैत ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असली की तो २८ च्या आसपास अडकतो; मग पंखा फिरतो, वीज जाते आणि रोपांना बुरशी धरते. घरगुती बागेला यापेक्षा बांबूच्या चार खांबांवर ताणलेली निम्मे ऊन अडवणारी हिरवी जाळी पुष्कळ झाली. बाजू मोकळ्या ठेवाव्यात, म्हणजे हवा खेळती राहते. मार्चअखेर ती चढवावी, आणि जूनमध्ये ढग भरून आले की उतरवून, घडी करून ठेवावी, कारण तेव्हा रोपांना मिळेल तेवढे ऊन हवे असते.