आश्रयार्थीची साक्ष आणि पुरुषत्वाचा साचा

आश्रय मागणाऱ्या निर्वासिताची मुलाखत हा एक कथनप्रकार आहे असे मानून तौलनिक साहित्याभ्यासाने तिच्याकडे पाहावयास हवे. येथे निवेदक स्वतःचे आयुष्य सांगतो. श्रोता मात्र रसिक नसून अधिकारी असतो, आणि कथन पटले नाही तर निवेदकाला तो जेथून पळाला तेथेच परत धाडले जाते.

समलिंगी पुरुषाच्या बाबतीत हे 'पटणे' कशावर अवलंबून असते? २०१८ मध्ये ऑस्ट्रियात एका अफगाण तरुणाचा अर्ज फेटाळताना त्याची चाल, वागणूक व पोशाख यांत समलिंगी असल्याची कोणतीही खूण नाही, असे नोंदविण्यात आले. तो मारामाऱ्यांत सापडला होता, हेही त्याच्या विरुद्ध गेले. त्याच वर्षी तेथेच एका इराकी अर्जदाराचे वागणे अतिरेकी 'बायकी', म्हणून दिखाऊ ठरले. निर्णय परस्परविरोधी दिसतात, परंतु दोहोंमागील वाचक एकच आहे. ठोकळेबाज पात्रांवर पोसलेल्या वाचकाला साच्याबाहेरचे पात्र खोटे वाटते आणि साच्यात पुरेपूर भरलेले पात्र बनावट. केवळ साचेबंद कल्पनांवरून अर्जदाराची विश्वसनीयता ठरविता येणार नाही, असा निर्वाळा युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१४ मध्येच दिला होता, हे येथे ध्यानात घ्यावे.

साचा केवळ नकारातच आढळतो असेही नाही. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये इराण व कॅमेरून येथील दोघांच्या बाजूने निकाल दिला. आपली ओळख लपवून सुरक्षित राहा, असे त्यांना सांगता येणार नाही, हे त्यातील मर्म. पण या स्वातंत्र्याचे उदाहरण म्हणून लॉर्ड रॉजर यांना कायली मिनोगचे कार्यक्रम आणि रंगीबेरंगी कॉकटेल सुचली. उदाहरणे साचेबंद आहेत याची कबुलीही त्यांनी दिली, हे खरे.

'अनुभवाची प्रामाणिकता' ही कसोटी मराठी समीक्षेला अपरिचित नाही. दलित आत्मकथनांकडून विशिष्ट वेदनेची मागणी करणारा वाचक आपल्याकडेही होताच.

याउलट, योनास पोहेर रासमुसेन यांच्या 'फ्ली' (२०२१) या अ‍ॅनिमेशन माहितीपटातील श्रोता हा निवेदकाचा जुना मित्र आहे आणि त्याला घाई नाही. 'अमीन' हे टोपणनाव घेतलेला नायक काबूलमधील बालपण सांगतो, तेव्हा चित्रातला जाँ-क्लोद व्हान डाम त्याला डोळा मारतो. मारधाडपटातील पिळदार नायक, म्हणजे पुरुषत्वाची सर्वांत ढोबळ प्रतिमा, येथे एका मुलाच्या अभिलाषेचा विषय होते. अधिकाऱ्याच्या प्रश्नावलीत या क्षणाला जागा नाही. शिवाय रेखाटलेल्या देहाची चालही चित्रकाराने दिलेली असल्याने तिचा पुरावा होऊ शकत नाही. माध्यमाची ही निवड केवळ ओळख लपविण्यापुरती आहे असे मला वाटत नाही.

अमीनला आश्रय मिळाला तो लैंगिकतेच्या आधारावर नव्हे. आपले सारे कुटुंब मारले गेले, ही पढविलेली कथा त्याने सांगितली आणि ती पटली. डेन्मार्कमध्ये आल्यानंतर त्याने आपले पुरुषांविषयीचे आकर्षण जावे म्हणून औषध मागितले होते. त्या वेळी समलिंगी असल्याचे सिद्ध करण्यास त्याला कोणी सांगितले असते, तर स्वतःसाठी धड शब्दही त्याच्यापाशी नव्हता.