‘नाता’ : धारावीतली दोस्ती आणि एक पोस्टर

अंजली मोन्टेरो आणि के. पी. जयशंकर यांचा ‘नाता’ (२००३) हा पाऊण तासाचा माहितीपट आहे. धारावीतील भाऊ कोरडे आणि वकार खान हे दोन मित्र त्याचे नायक. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मोहल्ला समितीच्या कामात या दोघांनी स्वतःला झोकून दिले. दंगलीवरचा माहितीपट म्हटला की जळकी घरे आणि आक्रोश आम्ही गृहीतच धरतो. इथे भर दोस्तीवर आहे, आणि ही दोस्ती भाषणबाज नाही.

चित्रपटातले एक पोस्टर मात्र आम्हांला अस्वस्थ करते. चार धर्मांच्या वेशातील चार मुले आणि ‘हम सब एक हैं’ हा संदेश. हे वकारभाईंचेच काम. त्यामागच्या तळमळीविषयी शंका नाही. जळालेल्या वस्तीत भिंतीवर लावायला असे काहीतरी हवेच होते. पण त्यात मुसलमान ओळखायचा तो पोशाखावरून! धारावीत चामड्याच्या धंद्यातला तमिळ बोलणारा मुसलमान आहे, उत्तर प्रदेशातून आलेला शिलाई कारागीर आहे. आणि घरात मराठी बोलणारा आमच्यासारखा? त्याने कोणता पोशाख घालून त्या चित्रात उभे राहावे? दंगलखोरही माणूस वेशावरूनच हेरतो, हे विसरता येत नाही.

माहितीपट या पोस्टरपेक्षा शहाणा आहे. दिग्दर्शक दाम्पत्य स्वतःच्या आंतरधर्मीय घराची गोष्ट त्यात गुंफते. ‘आपण’ आणि ‘ते’ ही विभागणी सुशिक्षितांच्या घरातही कशी घडते, हा प्रश्न त्यामुळे फक्त झोपडपट्टीचा राहत नाही.

उणीव आहे ती न्यायाची. ६ डिसेंबर १९९२ रोजी बाबरी मशीद पडली, त्याच दिवशी धारावीत शिवसैनिकांची सायकल फेरी निघाल्याची नोंद श्रीकृष्ण आयोगाने केली आहे. १९९८ च्या त्या अहवालात मृतांचा आकडा ९०० आहे, त्यांत ५७५ मुसलमान. आयोगाने पोलिसांच्या पक्षपातावरही बोट ठेवले होते. मोहल्ला समितीत नागरिकांनी बसायचे ते याच पोलिसांशेजारी. त्या बैठकीत गप्प राहून काय गिळावे लागले असेल, हे कॅमेऱ्याने अधिक खोदून विचारायला हवे होते.

तरीही आमच्या संमेलनांत कथा-कवितेच्या सत्रांबरोबर ‘नाता’ जरूर दाखवावा, आणि नंतरच्या चर्चेची सुरुवात त्या पोस्टरपासूनच करावी.