दिवाळीचा किल्ला: नक्कल आणि निर्मिती

दिवाळी अंकांतून कादंबऱ्यांची परीक्षणे येतात, नाटकांची येतात, क्वचित चित्रप्रदर्शनांचीही येतात. मुलांनी अंगणात उभारलेल्या किल्ल्याचे परीक्षण मात्र कोणी लिहिल्याचे माझ्या पाहण्यात नाही. चार दिवस टिकणाऱ्या मातीच्या ढिगाचे परीक्षण ते काय करायचे, असे कोणी म्हणेल. माझे म्हणणे उलट आहे. आपल्याकडे पुष्कळांच्या हातून घडलेली पहिली कलाकृती म्हणजे हा किल्ला, आणि बहुतेकांच्या बाबतीत तीच शेवटचीही ठरते. तेव्हा तिच्याकडे आपण काय म्हणून पाहतो, तिला कोणत्या मापाने मोजतो, हा प्रश्न किरकोळ नाही. मी मॅट्रिक झालेला मास्तर. कादंबऱ्या लिहितो, पण सौंदर्यशास्त्राचे जाडे ग्रंथ मला पेलत नाहीत. तरीही या विषयात मला एका चुकीची कबुली द्यायची आहे, म्हणून हे धाडस.

मेढ्यात वाढणाऱ्या मुलाला किल्ल्याचे वेड बाहेरून आणावे लागत नाही. जावळीचे हे खोरे 1656 साली शिवाजी महाराजांनी चंद्रराव मोऱ्यांकडून घेतले आणि त्यानंतर भोरप्याच्या डोंगरावर मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखाली प्रतापगड उभा राहिला. वैराटगड तर आमच्या शेजारचाच. सहामाहीचा शेवटचा पेपर टाकला, की मुले पाट्या घेऊन वेण्णेच्या काठाला माती आणायला निघतात. दगडविटांचा सांगाडा रचायचा, चिखलात बुडवलेले पोते त्यावर पसरायचे, पोत्याला पडतील त्या घड्यांतून दऱ्या नि सोंडा काढायच्या, वर चाळलेल्या मातीचा हात फिरवायचा आणि उतारावर हळीव पेरायचे. हळीव उगवायला चार-पाच दिवस हवेत, म्हणून सगळी घाई. मग बाजारातून चित्रे येतात. सिंहासनावरचे महाराज, मावळे, तोफा. आणि त्यांच्याच शेजारी गवळण, बैलगाडीवाला नि गुहेतला वाघ. इतिहासाला या मंडळींची अडचण होत असेल. मुलांना कधी झालेली नाही.

काही वर्षांमागे गावातल्या एका मंडळाने किल्ल्यांची स्पर्धा ठेवली आणि मला परीक्षक केले. हातात छापील कागद दिला. त्यावर चार रकाने होते: सुबकपणा, ऐतिहासिक अचूकपणा, सजावट आणि स्वच्छता. प्रत्येकी 25 गुण. आम्ही तिघे परीक्षक कानावर पेन्सिली खोचून आळ्या फिरलो.

पहिला नंबर आम्ही एका प्रतापगडाला दिला. तो गड खरोखरच देखणा होता. तट एकसारखे, बुरूज साच्यातून काढलेले, बारीक दिव्यांची माळ, प्रत्येक ठिकाणी सुरेख अक्षरांतली पाटी. बालेकिल्ला होता, भवानीमातेचे देऊळ होते, महाराजांचा अश्वारूढ पुतळाही होता. मुलांबरोबर काका-मामांचे हात लागले होते हे उघड दिसत होते. पण त्यासाठी कागदावर रकाना नव्हता. आम्ही 88 गुण दिले.

आळीच्या टोकाला, सहावीतल्या एका मुलाचा किल्ला होता. उंची गुडघ्याएवढी. चित्रे अवघी तीन, त्यांतल्या एका मावळ्याचा हात मोडलेला. तट होता, पण एकाच बाजूला. बाकीच्या बाजू उघड्याच. वरपासून खालपर्यंत तीन खड्डे. पाटी नाही.

"हा कोणता रे किल्ला?" मी विचारले.

"नाव न्हाई ठेवलं अजून, गुरुजी."

ज्या किल्ल्याला नाव नाही त्याला अचूकपणाचे गुण कशाचे द्यायचे? मी 3 दिले. बेरीज 39 झाली आणि आम्ही पुढे गेलो.

बक्षीससमारंभ झाला. भाऊबीजेच्या सकाळी मी त्याच आळीतून जात होतो. तो मुलगा तांब्याने एकेका खड्ड्यात पाणी ओतत होता. मास्तरकीची सवय म्हणून मी उभा राहिलो.

"तट एकाच बाजूला का घातलास?"

"ह्या बाजूला कडा हाय की. तिकडनं कोन चढंल?"

मी वाकून पाहिले. खरेच, तीन बाजूंनी त्याने दगड उभे लावले होते. मी त्या दिवशी उभ्यानेच पाहिल्यामुळे ते मला दिसले नव्हते.

"आणि ही तळी कशाला एवढी?"

"टाकी हायती, गुरुजी. वरचं प्यायला, मधलं जनावरांला, खालचं कपड्यांला. पानी न्हाई तर मानसं ऱ्हातील कशी गडावर?"

त्याचे आजोळ डोंगरावरच्या एका वाडीत. उन्हाळ्यात तिथल्या बायका हंडे घेऊन खाली उतरतात, हे त्याने पाहिले होते. त्याने कोणाचे पुस्तक वाचले नव्हते. पण अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी आपल्या आज्ञापत्रात दुर्गांविषयी जे लिहून ठेवले, त्यात हीच गोष्ट अग्रक्रमाने आहे. गड बांधण्याआधी पाणी पाहावे, पाणी नसेल आणि जागा तर हवीच असेल, तर खडक फोडून टाकी करावीत, असा त्यांचा सांगावा आहे. राज्यकारभारात आयुष्य गेलेल्या एका अमात्याचा निष्कर्ष आणि सहावीतल्या मुलाचे उत्तर एकाच ठिकाणी येऊन थांबत होते. आणि मी त्याला अचूकपणाचे 3 गुण दिले होते!

तिथून मी मुद्दाम पहिल्या नंबराच्या किल्ल्याकडे गेलो. या खेपेला कागद बरोबर नव्हता, म्हणूनच की काय, जरा नीट दिसले. प्रतापगडाच्या दरवाजाची थोरवी ही, की तो पायथ्यावरून येणाऱ्याला दिसत नाही. तटाच्या वळणाआड, बुरजांच्या कुशीत तो दडवला आहे. शत्रू तिथवर पोचलाच तर त्याला धाव घ्यायला जागा नाही आणि माथ्यावरून मारा. या प्रतिकृतीत मात्र दरवाजा रस्त्याकडे तोंड करून पुढे आणला होता, का, तर बघायला येणाऱ्यांना दिसावा! अश्वारूढ पुतळा गडावर बसला तो 1957 साली. इथे तो होता, आणि त्याच्यासमोर सदरेवर महाराजही बसले होते. म्हणजे महाराज आपल्याच पुतळ्याकडे पाहत दरबार भरवत होते. पाण्याचे टाके कुठेच नव्हते. करणाऱ्या मुलांना विचारले, तर उत्तर आले, "फोटोत असंच आहे, सर." ते बिचारे खरे बोलत होते. त्यांनी गडाचा किल्ला केलाच नव्हता. गडाच्या छायाचित्राचा केला होता.

कलेच्या चर्चेत वास्तवाशी इमान हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. कादंबरीकार गावची बोली, सण, भांडीकुंडी यांच्या याद्या देतो आणि आपण त्याला वास्तववादी म्हणतो. मीही ते केले आहे. माझ्या पहिल्या कादंबरीत वाड्याचे वर्णन सात पाने होते. त्या वाड्यातली माणसे पोट कशावर भरतात, हे मात्र मला ठाऊक नव्हते. वस्तूचे बाह्यरूप उतरवणे ही नक्कल झाली. ते रूप तसे का झाले, हे उमगून हात चालू लागला म्हणजे निर्मिती सुरू होते, मग त्या गडाला इतिहासात नाव असो वा नसो.

याच विचारात असताना माझ्या भाच्याने मला दुसरे एक जग दाखवले. तो पुण्याला नोकरी करतो. तिशी उलटली तरी प्लॅस्टिकच्या विटा जोडतो, घरचे हसतात. मीही हसत असे. या लेगोच्या विटांचे मूळ डेन्मार्कमधल्या बिलुंड गावी, ओले किर्क क्रिस्टियानसेन नावाच्या सुताराच्या कारखान्यात. 1932 साली त्याने लाकडी खेळणी करायला घेतली. आज आपण पाहतो ती, वर खुंट्या नि पोटात नळ्या असलेली वीट 1958 सालची. तेव्हाची वीट आजच्या विटेत घट्ट बसते. दोन ओळींत आठ खुंट्या असलेल्या, एकाच रंगाच्या सहा विटा घेतल्या, तर त्या 91,51,03,765 प्रकारे जोडता येतात, असे गणित्यांनी मोजले आहे.

पण भाच्याने सांगितलेली खरी गोष्ट वेगळीच होती. खोक्याबरोबर जी सूचनांची वही येते, तिच्याबरहुकूम जोडणी सगळेच करतात. या छंदातली जाणती माणसे मान देतात ती वही मिटून स्वतःच्या डोक्याने उभारलेल्या कृतीला. शिकागो, सिॲटल अशा शहरांतून त्यांचे मेळावे भरतात. लांबलचक टेबलांवर शहरे, जहाजे, गढ्या मांडलेल्या असतात आणि करणारा आपल्या कृतीशेजारी उभा असतो. येणारा विचारतो, हे वळण कसे साधलेस? मग दोघे वाकून पाहत बसतात. भाचा स्वतः राजगडाची संजीवनी माची करीत होता. सरळ विटांतून वळणदार तट कसा काढावा, यावर त्याने दोन महिने घालवले. शेवटी आखूड वीट आणि एका खुंटीची गोल वीट अशा आलटून पालटून रचल्या, तेव्हा भिंत वाकू लागली. ते करताना त्या माचीला दुहेरी तट का आहे, बाहेरचा पडला तरी आतला कसा लढतो, हे आपल्याला प्रथमच कळले, असे तो म्हणाला. विटेच्या अडवणुकीने त्याला गड शिकवला.

मातीचेही तसेच आहे. ओली जास्त झाली तर बसते, कोरडी राहिली तर भेगाळते. पोते आपल्या मर्जीने घडी घालते. प्रत्येक माध्यमाचे आपले एक व्याकरण असते आणि कलावंताचे त्याच्याशी भांडण चालते. बाजारात मिळणारा तयार किल्ला मला खुपतो तो याच कारणाने. तो महाग किंवा कुरूप असतो म्हणून नव्हे. त्यात भांडण आधीच मिटवून टाकलेले असते.

11 जुलै 2025 रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारशात समावेश केला. महाराष्ट्रातले अकरा आणि तमिळनाडूतला जिंजी. प्रतापगड त्यात आहे. आम्हां जावळीकरांना याचा अभिमान वाटला, आणि वाटावाच. परंतु त्याबरोबर मला थोडी धास्तीही वाटते. आता अंगणाअंगणांत हेच बारा गड होतील, छायाचित्रावरून होतील, आणि अचूकपणाचा रकाना आणखी रुंद होईल. बिननावाच्या गडाला जागा कुठे राहणार?

यावर एक आक्षेप निघेल, आणि तो खोटा नाही. अचूकपणाचा आग्रह सोडला तर कोणीही काहीही उभारील नि त्याला निर्मिती म्हणेल. मला तेही नको आहे. कल्पना म्हणजे मोकाटपणा नव्हे. त्या सहावीतल्या मुलाचा किल्ला मोकाट नव्हताच. उलट त्याच्या प्रत्येक दगडाला कारण होते. आणि प्रतापगड करणाऱ्या मुलांनी दरवाजा लपवला असता, तर त्यांची प्रतिकृतीदेखील निर्मिती झाली असती. गड ऐतिहासिक की काल्पनिक, हा मुद्दाच नाही. पाणी कुठे आहे? वाट कुठून येते? शत्रू कुठून येईल? या तिन्हींची उत्तरे मातीत सापडली पाहिजेत. ती सापडल्यावर गुहेत वाघ ठेवा, तळ्याकाठी गवळण ठेवा. परीक्षकाने कपाळाला आठी घालू नये.

त्या मुलाला मी बक्षीस देऊ शकलो नाही. निकाल लागून गेला होता. पुढल्या वर्षी मंडळाने पुन्हा बोलावले. 'सजावट' काढून तिथे 'पाणी' असा रकाना घाला, असे मी सुचवले. कार्यकर्ते हसले, म्हणाले, "गुरुजी, कागद छापून झालेत." मग मी छापील रकाने इतर दोघांवर सोपवले. प्रत्येक किल्ल्यापाशी उकिडवा बसलो, करणाऱ्याला तीन प्रश्न विचारले, आणि मिळालेली उत्तरे कागदाच्या पाठकोऱ्या बाजूला लिहीत गेलो. चौदा किल्ले पाहायला तीन तास लागले. चहा निवून गेला, मंडळी कंटाळली. नवव्या किल्ल्यापाशी एक मुलगी माझा प्रश्न ऐकून क्षणभर गप्प राहिली. मग आत पळाली आणि वाटी घेऊन आली, माथ्यावरची माती उकरून तिने ती बसवली आणि म्हणाली, "आता विचारा."