हंगामपूर्व क्रमवारी : एका विधानप्रकाराची चिकित्सा

एखाद्या स्पर्धेचा हंगाम सुरू होण्यापूर्वी तीत कोणता संघ कितव्या स्थानी राहील हे सांगणारी कोष्टके आता एक स्वतंत्र लेखनजात बनली आहेत. अमेरिकेतील महाविद्यालयीन महिला व्हॉलीबॉलच्या क्षेत्रात ही जात विशेष बहरलेली दिसते. तेथील विद्यापीठे 'कॉन्फरन्स' नामक साखळी-गटांत विभागलेली असतात, आणि दर ऑगस्टमध्ये बहुतेक गटांतील प्रशिक्षक मतदान करून येणाऱ्या हंगामाची क्रमवारी आधीच जाहीर करतात. पहिल्या स्थानासाठी सर्वाधिक गुण, दुसऱ्यासाठी एक कमी, असा हिशेब मांडून बेरजेनुसार संघ लावले जातात. आपल्या स्वतःच्या संघास मत द्यावयाचे नाही, असा दंडक सामान्यतः असतो. १९७२ च्या 'टायटल नाइन' कायद्यानंतर तेथे स्त्रियांच्या खेळाला जे बळ मिळाले, त्याची ही एक दूरची फलश्रुती म्हणता येईल. १९८१ मध्ये एनसीएए या संस्थेने महिला व्हॉलीबॉलची अजिंक्यपद स्पर्धा सुरू केली. ३० ऑगस्ट २०२३ रोजी नेब्रास्का विद्यापीठाचा सामना पाहण्यास ९२,००३ प्रेक्षक जमले. एवढे लक्ष ज्या खेळाकडे आहे त्याविषयी आगाऊ बोलले जाणे स्वाभाविकच होय.

प्रस्तुत लेखकाचा विषय भाषाविज्ञान. त्यामुळे या कोष्टकांकडे पाहताना पहिला प्रश्न पडतो तो असा, की हे विधान आहे तरी कोणत्या जातीचे? मराठीत भविष्याविषयीच्या बोलण्याला शब्दांची वाण नाही. परंतु ते समानार्थी मात्र नव्हेत. 'होरा' हा मूळ ग्रीक शब्द संस्कृत ज्योतिषामार्गे आपल्याकडे आला आणि ग्रहवेळेचा वास त्याला अद्याप आहे. 'अटकळ' चिन्हांवरून बांधली जाते. 'अंदाज' फारसीतून आलेला आणि मापाशी जवळीक असलेला. भाजीत मिठाचा अंदाज घेतात, आणि तो चुकला तर चव घेताच कळते. 'भाकीत' या शब्दाचे नाते 'भाकणे' या क्रियापदाशी आहे. आपण करुणा भाकतो, आण भाकतो. 'भाक देणे' म्हणजे वचन देणे. भाकितात बोलणारा नुसता कळवीत नाही, तो स्वतःला बांधून घेतो, असा अर्थ निदान या शब्दाच्या कुळात दडलेला आहे. हंगामपूर्व कोष्टकाचे मूल्य, माझ्या मते, याच एका गुणावर ठरते: ते बोलणाऱ्याला बांधते किंवा नाही.

बांधणाऱ्या विधानाचे उलट टोक पाहावयाचे असेल तर दूर जाण्याचे कारण नाही. बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडला जातो आणि दुसऱ्या सकाळी धान्याच्या व इतर वस्तूंच्या हालचालींवरून पाऊस, पिके, इतकेच नव्हे तर राज्यकारभार यांविषयी भविष्य वर्तविले जाते. श्रद्धेचा प्रश्न बाजूस ठेवून केवळ भाषा पाहावी. तेथील लाडके शब्द 'साधारण' आणि 'मोघम' हे आहेत. पीक 'मोघम' येईल, या वाक्याला वर्षअखेरीस खोटे ठरविणे कोणासही शक्य नाही. याउलट अमुक संघ तिसरा येईल, हे वाक्य डिसेंबरात खरे ठरते किंवा खोटे. मधली वाट नाही. म्हणून अमेरिकन कोष्टकांची जी टवाळी होते, त्यांना 'कागदी स्पर्धा' म्हणून जे हिणविले जाते, ते मला अन्यायाचे वाटते. चुकण्याची सोय ज्या विधानात आहे तेच विधान अभ्यासास योग्य असते.

मात्र या जातीत एक मोठा दोष आहे, आणि तो संख्यावाचक विशेषणांच्या पोटात आहे. 'पहिला', 'दुसरा', 'तिसरा' हे शब्द क्रम सांगतात, अंतर सांगत नाहीत. पहिल्यादुसऱ्यात केसाचे अंतर आणि दुसऱ्यातिसऱ्यात दरी असली तरी भाषा दोहोंना एकाच पायरीने मोजते. २०२४ चा 'बिग टेन' गट घ्या. नावात दहा असले तरी त्या वर्षी पश्चिम किनाऱ्यावरील चार विद्यापीठे येऊन मिळाल्याने त्यात १८ संघ होते. प्रत्येकाच्या वाट्यास गटातील २० सामने. अर्थात १७ प्रतिस्पर्ध्यांपैकी काहींशी एकदा, काहींशी दोनदा गाठ. हंगामाच्या शेवटी नेब्रास्का व पेन स्टेट या दोन्ही संघांचे १९ विजय व १ पराभव असे समान गणित झाले आणि विजेतेपद विभागून द्यावे लागले. पुढे राष्ट्रीय उपांत्य फेरीत पेन स्टेटने दोन सेट गमावल्यावर नेब्रास्काला ३-२ असे हरविले आणि अंतिम सामन्यात लुइव्हिलला नमवून अजिंक्यपद मिळविले. आता ज्याने आधी 'नेब्रास्का पहिला, पेन स्टेट दुसरा' असे लिहिले असेल तो चुकला काय? आणि ज्याने उलट लिहिले तो? विषम वेळापत्रकातून निघणाऱ्या, बरोबरीला वाव असणाऱ्या निकालाचे भाकीत जर सरळ शिडीच्या रूपाने केले, तर चूक भाकीतकर्त्याची कमी आणि त्याने निवडलेल्या व्याकरणाची अधिक असते.

येथे कोणी म्हणेल की व्हॉलीबॉलचे भाकीत मुळातच सोपे, कारण दरवर्षी तेच ते संघ वर असतात. या म्हणण्यात तथ्य आहे, आणि त्याचे कारण खेळाच्या घडणीत सापडते. आंतरराष्ट्रीय महासंघाने १९९८ मध्ये स्वीकारलेल्या पद्धतीप्रमाणे सर्व्हिस कोणाचीही असो, प्रत्येक रॅलीला गुण मिळतो; सेट २५ गुणांचा, पाचवा १५ चा. समजा, एक संघ दुसऱ्यापेक्षा अगदी किंचित सरस आहे: शंभरापैकी ५२ रॅली तो जिंकतो. (सर्व्हिस करणारा व घेणारा यांतील भेद हिशेबाच्या सोयीसाठी सोडून दिला आहे.) तर एक सेट जिंकण्याची त्याची शक्यता सुमारे ६१ टक्के येते आणि पाच सेटांचा सामना जिंकण्याची सुमारे ७० टक्के. ५२ ऐवजी ५५ धरले तर सामन्याची शक्यता ९० टक्क्यांच्या घरात जाते. लहान भेद मोठा करून दाखविणारे भिंगच जणू या गुणपद्धतीत बसविलेले आहे. क्रिकेटमध्ये नाणेफेक, पाऊस, खेळपट्टी यांना जेवढा वाव, तेवढा येथे नाही.

यावरून समीक्षेचा एक निकष हाती येतो. गेल्या वर्षीचे कोष्टक जसेच्या तसे पुन्हा लिहून देणारा मनुष्यही या खेळात बराच बरोबर येईल. म्हणून कोणत्याही भाकीताची तुलना प्रत्यक्ष निकालाशी करण्याआधी या आळशी भाकीताशी केली पाहिजे. त्यासाठी चार्ल्स स्पिअरमनने १९०४ मध्ये मांडलेला क्रमसहसंबंध पुरेसा आहे. सहा संघांच्या क्रमवारीत शेजारच्या दोघांचीच अदलाबदल झाली तर सहसंबंध ०.९४ भरतो. प्रशिक्षकांच्या मतदानाचा आकडा आळशी कोष्टकाच्या आकड्याहून वर गेला नाही, तर एवढ्या तज्ज्ञांनी आपल्या ज्ञानातून काय मिळविले, असे विचारण्याचा अधिकार वाचकास पोचतो. अलीकडे हा प्रश्न अधिकच कठीण झाला आहे. २०१८ पासून तेथे खेळाडूंना विद्यापीठ बदलण्यासाठी नोंदणीची सोय झाली, आणि गेल्या वर्षीचा संघ व यंदाचा संघ यांत कित्येकदा नाव तेवढे समान उरते.

हे सारे आपल्याशी कसे संबंधित, असा प्रश्न भंडाऱ्यातील वाचक विचारील आणि तो रास्त आहे. तुमसरचे एस. एन. मोर, लाखनीचे समर्थ, साकोलीचे मनोहरभाई पटेल किंवा भंडाऱ्याचे जे. एम. पटेल महाविद्यालय यांच्या मुलींच्या संघांची हंगामपूर्व क्रमवारी कोणी छापत नाही. परंतु छापली जात नाही याचा अर्थ ती केली जात नाही असा नव्हे. आपल्या वृत्तपत्रांची क्रीडाभाषा पाहा. 'धक्कादायक निकाल', 'अपेक्षेप्रमाणे विजय', 'नवख्या संघाची झुंज', 'बलाढ्य प्रतिस्पर्धी'. धक्का बसण्यासाठी आधी अपेक्षा असावी लागते. ती कोणाची, केव्हाची, कशाच्या आधारावर, हे वाक्य सांगत नाही, केवळ गृहीत धरते. भाषाविज्ञानात ज्याला पूर्वगृहीत म्हणतात त्याचा हा नमुनेदार प्रकार होय. विधान नाकारता येते. पूर्वगृहीत नाकारणे अवघड, कारण ते कोणी उच्चारलेलेच नसते. अमेरिकन प्रशिक्षक चुकतो तेव्हा त्याचे कोष्टक साक्षीला असते. आपल्याकडे चूक नेहमी निकालाची, तो 'अनपेक्षित' लागतो!

दुसरे अलिखित भाकीत याहून गंभीर आहे, आणि ते शब्दांत नसून सामन्यांच्या मांडणीत आहे. बाद पद्धतीच्या स्पर्धेत मागील वर्षीच्या अग्रणी संघांना मानांकन देऊन ड्रॉच्या निरनिराळ्या भागांत ठेवण्याची प्रथा आहे. हेतू उघड आहे: सरस संघ आरंभीच एकमेकांवर आदळू नयेत. पण अर्थदृष्ट्या पाहता मानांकन म्हणजे 'गेल्या वर्षीचे चार यंदाही चार राहतील' हे वाक्यच होय, आणि ते नुसते सांगितले जात नाही, अमलात आणले जाते. भेंडवळचा घट पावसाला हुकूम करीत नाही. ड्रॉचा कागद मात्र पहिल्या फेरीत कोण कोणासमोर उभे राहील हे ठरवितो.

याचा परिणाम पवनी किंवा लाखांदूरच्या एखाद्या मुलीपर्यंत कसा पोचतो ते पाहावे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून पुढे जातो तो विजेत्या महाविद्यालयाचा संघ नव्हे. निरनिराळ्या महाविद्यालयांतील खेळाडू निवडून विद्यापीठाचा संघ बनतो आणि तो आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरतो. म्हणजे त्या मुलीच्या दृष्टीने प्रश्न आपला संघ कितवा आला हा नसून आपण किती वेळ खेळताना दिसलो हा आहे. पहिल्याच फेरीत मानांकित संघाशी गाठ पडली आणि तीन सेटांचा सामना सरळ दोन सेटांत संपला, तर निवड करणाऱ्यांसमोर ती अर्धापाऊण तास येते. नागपूरच्या मानांकित संघातील तिच्याच तोडीची खेळाडू तीन-चार सामने खेळते. पुढे शासकीय नोकरीतील खेळाडूंच्या पाच टक्के समांतर आरक्षणाचा विषय निघाला की प्रमाणपत्रे बोलतात, आणि प्रमाणपत्राला पहिल्या फेरीतील उत्तम ब्लॉक ठाऊक नसतो.

बाद पद्धतीत 'क्रमवारी' या शब्दालाच अर्थ किती, हेही तपासले पाहिजे. प्रत्येक सामन्यात जिंकण्याची शक्यता ७० टक्के असलेला संघ लागोपाठ चार सामने जिंकण्याची शक्यता अवघी २४ टक्के असते. पहिल्या फेरीत विजेत्याकडूनच हरलेला संघ, दुबळ्या बाजूने उपांत्य फेरी गाठलेल्या संघाहून कमी होता असे म्हणण्यास आधार नाही. आणि तरीही पुढल्या वर्षीचे मानांकन त्याच उपांत्य फेरीवरून ठरते. त्यातच गटाची व्याप्ती स्थिर नाही. १९८३ मध्ये अमरावती विद्यापीठ वेगळे झाले. २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठाची स्थापना होऊन चंद्रपूर व गडचिरोलीची महाविद्यालये नागपूरच्या कक्षेतून गेली. बिग टेनमध्ये जे २०२४ साली घडले, तेच आपल्याकडे शासन-निर्णयाने घडत आले आहे. मागील क्रमांक ज्या समूहातून आले तो समूहच बदलल्यावर त्यांचे वजन पूर्वीइतके राहत नाही.

भविष्यकाळाच्या रूपांबाबत येथे एक आडवळण घेण्याचा मोह आवरत नाही. प्रमाण मराठीत 'ती जिंकेल' आणि 'ती जिंकणार' यांत छटेचा भेद आहे: पहिल्यात बोलणाऱ्याचा अंदाज, दुसऱ्यात खात्री किंवा कर्त्याचा निर्धार. प्रथम पुरुषी 'मी जाईन' मात्र तृतीय पुरुषी 'तो जाईल' पासून स्पष्ट वेगळे. विदर्भातील बोलण्यात हा भेद पुसला जातो. 'तो येईन', 'ती जाईन' ही रूपे सर्रास कानी पडतात. दुसऱ्याविषयीचे अनुमान आणि स्वतःविषयीचा संकल्प या दोहोंना आपल्याकडे एकच प्रत्यय पुरतो. यावरून या प्रदेशाच्या मानसिकतेविषयी सिद्धान्त काढणे हास्यास्पद होईल, आणि तसे सिद्धान्त काढणारे लेख आपण सर्वांनी वाचले आहेत. मुद्दा एवढाच, की खेळाडूंच्या मुलाखतींतून भाकिते गोळा करणाऱ्या विद्यार्थ्याने प्रत्ययावरून विधानाची जात ठरवू नये. कर्ता पाहावा, प्रसंग पाहावा.

असा विद्यार्थी आपल्या विभागात मिळाला तर काम करण्याजोगे आहे, आणि ते खर्चिक नाही. भंडारा जिल्ह्याच्या सात तालुक्यांतील महाविद्यालयांच्या शारीरिक शिक्षण संचालकांकडून, ड्रॉ निघण्यापूर्वी, मुलींच्या संघांविषयी लेखी अनुमान घ्यावे. त्यावर तारीख व सही असावी. क्रमांक मागू नयेत. अमुक संघ तमुक संघाशी खेळला तर शंभरात किती वेळा जिंकेल, अशी जोडीजोडीने संख्या मागावी, म्हणजे अंतर दडणार नाही आणि बरोबरीही सांगता येईल. आपल्या संघाविषयी कोणी लिहू नये. मानांकित संघांपुरतेच विचारू नये. पहिल्या फेरीत जे संघ बाहेर पडतात त्यांच्याविषयी कोणाला काय ठाऊक होते, हेच तर पाहावयाचे आहे. स्पर्धा संपल्यावर ही अनुमाने निकालांशी आणि मानांकनाशीही ताडून पाहावीत. संचालकांची नजर मानांकनाहून चांगली ठरली, तर ड्रॉ करणाऱ्या समितीपुढे ठेवण्यास काहीतरी लेखी हाती येईल. ती वाईट ठरली, तर 'बलाढ्य' आणि 'नवखा' हे शब्द वापरताना आपण कशाच्या जोरावर बोलत होतो, हे तपासावे लागेल. एका हंगामाची सामग्री थोडी पडेल. निदान तीन हंगाम हवेत, कारण पदवीच्या पहिल्या वर्षी दाखल झालेली मुलगी तेवढ्या काळात संघाच्या कडेवरून मध्यावर येते.