तकली, थर्मोकोल आणि चाळीस मिनिटे

नववीत असताना मी पाझर तलावाची प्रतिकृती केली होती. थर्मोकोलचा पाया, त्यावर रंगवलेला लाकडाचा भुसा, निळ्या जिलेटीन कागदाचे पाणी, बांधाच्या उतारावर ओढ्यातून वेचून आणलेल्या गोट्यांचे पिचिंग, एका अंगाला सांडवा. सलाईनची नळी आतून फिरवून खालच्या विहिरीत पाणी झिरपताना दिसेल अशी सोयही केली होती. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात तिला दुसरा क्रमांक मिळाला. घरी आणल्यावर आजीने ती बराच वेळ निरखली आणि म्हणाली, "पाणी कुठनं मुरतंय ते दावलंस, ब्येस केलंस. पर माती कुणी वाहिली ते कुठं लिवलंय?"

सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या शिवारातला तलाव १९७२च्या दुष्काळात झाला. आजी त्या कामावर पाट्या टाकत होती. प्रतिकृतीसोबतच्या तक्त्यावर तलावाची लांबी होती, उंची होती, फायदे होते. माणसे नव्हती. मी विज्ञानाचा प्रकल्प केला होता, त्यामुळे माणसे इतिहासाच्या पुस्तकात असतील असे मी गृहीत धरले होते. आणि इतिहासाच्या तासाला आम्ही गाईडमधली उत्तरे पाठ करत होतो.

आज मराठी साहित्यात एम. ए. करताना तो प्रश्न मला पुन्हा आठवतो, कारण शिक्षणाविषयीच्या चर्चेत एक वाटणी आपण सहज मान्य करून टाकली आहे. एका बाजूला 'कृतियुक्त' शिक्षण, म्हणजे प्रकल्प, प्रयोग, उपक्रम. दुसऱ्या बाजूला 'पुस्तकी' शिक्षण. पहिले चांगले, दुसरे वाईट. साहित्य, इतिहास, भाषा हे विषय आपसूक दुसऱ्या बाजूला जाऊन बसतात. ही वाटणी कशी झाली आणि ती खरी आहे का, हे आपल्याच शैक्षणिक परंपरेतल्या काही मजकुरांच्या आधारे तपासावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पहिला मजकूर वर्ध्याचा. ऑक्टोबर १९३७मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली तिथे शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. नई तालीमचा आराखडा म्हणून आपण ओळखतो तो या समितीचा अहवाल. त्यातले रोजचे वेळापत्रक मी पहिल्यांदा वाचले तेव्हा चमकले. साडेपाच तासांच्या शाळेत मूलोद्योगाला तीन तास वीस मिनिटे. मातृभाषेला चाळीस मिनिटे. समाजशास्त्र आणि सामान्य विज्ञान या दोहोंना मिळून तीस मिनिटे. साहित्याच्या विद्यार्थिनीला ही वाटणी आपल्याविरुद्धचा निकालच वाटावी.

पण हे आकडे सुटे वाचले तर अहवालावर अन्याय होतो. त्याचा गाभा 'समवाय' या शब्दात आहे. उद्योग हा अनेक विषयांतला एक विषय नसून इतर विषयांत शिरण्याचे दार आहे, ही ती कल्पना. गांधीजींच्या त्या काळातल्या मांडणीत तकली केवळ फिरत नाही. तिच्या निमित्ताने कापूस कुठे पिकतो हे कळायचे, सूत मोजताना गणित यायचे आणि हा धंदा इंग्रजी अमदानीत का बुडाला याचा इतिहासही यायचा. म्हणजे त्या तीन तास वीस मिनिटांच्या आत मानव्यविद्या गृहीत धरलेल्या होत्या. सूत कुणी कातले आणि ते का थांबले, हे प्रश्न तकलीला चिकटूनच येत होते. माझ्या थर्मोकोलला असला एकही प्रश्न चिकटला नव्हता.

मग बिघडले कुठे? माझ्या वाचनाप्रमाणे गृहीत धरण्यातच. उद्योगाचा वेळ घड्याळात मोजता येतो, सुताचे तार मोजता येतात, मालाची किंमत काढता येते. त्या मालातून शिक्षकाचा पगार निघावा, या कल्पनेवर तर सर्वांत जास्त वाद झाला. समवायाचे मात्र माप नाही. तो शिक्षकाच्या वाचनावर अवलंबून असतो. ज्या शिक्षकाने कापसाचा इतिहास वाचलेला नाही, त्याच्या वर्गात तकली नुसतीच फिरत राहणार. योजनेने हाताच्या कामाची तरतूद मिनिटांत केली आणि वाचनाची तरतूद शिक्षकाच्या सद्भावनेवर सोडली, ही तिची मोठी उणीव मला वाटते.

दुसरी उणीव याहून खोल आहे. आपल्याकडे हाताचे काम कधीच निरागस नव्हते. कोणी चामडे कमवायचे, कोणी लाकूड तासायचे, कोणी पोथी वाचायची हे जन्माने ठरत होते. ब्राह्मणाच्या मुलाने शाळेत सूत कातणे ही क्रांती असेल. पण ज्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या हातच चालले, त्याच्या मुलाला शाळेकडून आधी पुस्तक हवे होते. या संदर्भात जोतीराव फुल्यांनी १८८२मध्ये हंटर आयोगापुढे ठेवलेले निवेदन पुन्हा पाहावे. प्राथमिक शाळेत काय शिकवावे याची त्यांची यादी छोटी आहे : मोडी आणि बाळबोध लेखन-वाचन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण यांची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, आरोग्य आणि नीती. या यादीत व्याकरण आणि शेती एकाच ओळीत बसतात. त्यांना एकमेकांची अडचण होत नाही. वर्धा परिषदेच्या पंचावन्न वर्षे आधी केलेली ही मागणी मला अधिक समतोल वाटते, कारण ती शेतकऱ्याच्या मुलाला औत सोडायला सांगत नाही आणि पुस्तकावरचा हक्कही सोडू देत नाही.

तिसरा मजकूर गिजुभाई बधेका यांच्या 'दिवास्वप्न' या गुजराती पुस्तकाचा. चौथीच्या वर्गावर वर्षभर प्रयोग करणाऱ्या शिक्षकाची ही प्रथमपुरुषी कल्पित कहाणी आहे. प्रयोगशील शिक्षणाचे पुस्तक म्हणून ते सतत सुचवले जाते. म्हणून त्यात आधी उपक्रम असतील, अशी माझी अपेक्षा होती. पण पहिल्या दिवशी शिक्षक शांततेचा खेळ घेतो आणि तो साफ फसतो. मुले गोंगाट करतात. वर्ग ताब्यात येतो तो गोष्टीने. गोष्टींपाठोपाठ वर्गाचे छोटे ग्रंथालय येते, मग नाटक, मग भटकंती. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. गिजुभाईंच्या वर्गात वाचन हे कृतीनंतर उरलेल्या वेळात करायचे काम नाही. ती तिथली पहिली कृती आहे.

गिजुभाईंबरोबर भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक पुढे बोर्डी आणि कोसबाडला आल्या. त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी महागड्या साधनांऐवजी बिया, शिंपले, खडे, पाने वापरली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. 'कुरणशाळा' या शब्दातच मुलाच्या दिवसाची दखल आहे. हे मूल दिवसभर कुठे असते आणि का, हे आधी कुणीतरी विचारले म्हणून ती शाळा तिथे गेली. साधन नंतर आले, माणूस आधी.

आता २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाकडे येते. सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार, कलावंत यांच्याकडे शिकावे, अशी त्यात कल्पना आहे. मला ती आवडते. फक्त 'दप्तराविना' या शब्दापाशी मी अडखळते. दप्तर म्हणजे ओझे, हे आपण ठरवून टाकले आहे. सुताराकडे दहा दिवस राहिलेली मुलगी रंधा धरायला शिकेल, पटाशी आणि वाकस यांतला फरक तिला कळेल. अकराव्या दिवशी तिच्या हाती त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा'तली चार पाने पडली तर? १९१५चे ते पुस्तक बलुतेदारीबद्दल बोलते. या कामाचा मोबदला एके काळी धान्यात मिळत होता, सुताराच्या मुलाला सुतारच व्हावे लागत होते, हे तिला कळेल. शिवाय आत्रे हे सगळे कुठल्या जागेवरून पाहतात, असाही प्रश्न तिला पडेल. रंधा हातात धरलेला असल्यामुळे ती ही पाने माझ्यापेक्षा चांगली वाचेल, आणि ती वाचल्यामुळे पुढच्या वेळी त्या सुताराशी वेगळे बोलेल. दप्तरात काय असावे यावर वाद व्हावा. ते नसावेच, यावर नको.

यावर एक रास्त आक्षेप आहे. चाळीस मुलांचा वर्ग, अपुरा वेळ, निकालाचा तगादा, यात हे करायचे कोणी? मी शिक्षिका नाही, त्यामुळे सल्ला देण्याचा अधिकार मला नाही. पण माझ्या प्रकल्पासाठी तालुक्याहून थर्मोकोल, रंग आणि नळी आणायला दोन रविवार गेले होते. आजी त्या दोन्ही रविवारी घरातच होती.

गेल्या मे महिन्यात मी तो प्रकल्प पुन्हा लिहायला घेतला. रोजगार हमीबद्दल वाचले, मग आजीसमोर वही घेऊन बसले. तिने मिलो नावाच्या लाल ज्वारीच्या भाकरीबद्दल सांगितले, सुकडीबद्दल सांगितले, हजेरीपटावर अंगठा देण्याबद्दल सांगितले. तिच्या टोळीत सात बाया होत्या. सहा नावे तिला आठवली. सातवीला सगळे तिच्या माहेरच्या गावावरून हाक मारत. ते गाव मी लिहून घेतले आहे. नावाची जागा अजून मोकळी आहे, आणि दिवाळीला त्या गावी जाऊन विचारायचे ठरले आहे.